नकाशावरचा तेलाचा डाग

भाजणीचा खमंग वास आला की मला दुबईतली ती बैठक आठवते. तिथल्या आमच्या वस्तीच्या बागेत घरगुती धंदेवाल्यांसाठी स्टॉल बांधायचे होते, आणि पालिकेच्या अरबी साहेबांनी नकाशात ते पार्किंगच्या कडेला दाखवले होते. "तिथं उन्हात कोण थांबणार?" मी हिंदीत विचारलं. नवरा कुजबुजला, "अगं, बस खाली!" मी बसले नाही. चाखायला नेलेला चकल्यांचा डबा उचलून मी नकाशावर झोपाळ्यांशेजारी ठेवला. "मुलं खेळतात तोवर आया इथंच बसतात. स्टॉल इथं हवेत." साहेबांनी एक चकली खाल्ली, मग डबा उचलला. खाली तेलाचा गोल डाग पडला होता. त्याभोवती पेन्सिल फिरवत ते म्हणाले, "खलास!" म्हणजे अरबीत, 'झालं, ठरलं!' आज बरोबर त्याच जागी माझा स्टॉल आहे, आणि मला खाली बसवू पाहणारा नवरा रोज संध्याकाळभर तिथं उभा राहून चकल्या विकतो.