मापाच्या सिस्टर आणि सहा नंबरची खाट

वॉर्डात त्यांना मापाच्या सिस्टर म्हणत. अर्थात, त्यांच्या पाठीमागे. लघवीचं भांडं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं, दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकून वाकायचं, डोळे रेघेच्या पातळीला आणायचे आणि मगच आकडा लिहायचा, ही त्यांची तीस वर्षांची रीत. नवरा तर पाहुण्यांना सांगे, "हिच्या हातचा चहा कपात घोटभरही जास्त पडायचा नाही. उगाच आशेनं बसू नका!"

म्हणूनच, स्तनाच्या ऑपरेशननंतर ज्यांची जखम चिघळते अशा बायकांना द्यायच्या एका कडक औषधावर संशोधन सुरू झालं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मापाचं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. जखम तर औषधानं भरत होती. पण ते किडनीला बाधतं का, हे बघायचं होतं. रक्त आठवड्यातून दोनदाच तपासायचं; मधल्या दिवसांचा पहारा लघवीच्या आकड्यांचा. लघवी घटली, की औषध बंद. वर्षभरात चाळीसजणी झाल्या, एकीलाही बाधलं नव्हतं. डॉक्टर खुशीत. सिस्टरांचा मात्र पार पिळून चोथा झालेला.

सहा नंबरच्या खाटेवर शाळेतल्या एक बाई आल्या. एक स्तन काढलेला, जखमेत पू, आणि स्वभाव असा, की टोचणाऱ्या सुईलाच विचारतील, "तुला नाही ना लागलं?" सिस्टरांचं ते कण्हत वाकणं त्यांना बघवेना. त्या स्वतःच भांडं संडासात ओतून, विसळून ठेवू लागल्या.

"अहो बाई, माप राहिलं ना!"

"कालच्याएवढंच असेल हो. बसा जरा. चेहरा बघा केवढासा झालाय."

आणि सिस्टर बसल्या. तक्त्यावर कालचाच आकडा लिहिला, बाराशे मिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तीस वर्षांचा नेम मोडायला एक स्टूल आणि दोन गोड शब्द पुरले बघा.

तिसऱ्या सकाळी बाई म्हणाल्या, "माझ्या चपला कुणी बदलल्या का हो? पाय शिरत नाहीत."

सिस्टरांनी पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. त्या दिवशी भांडं त्यांनी हातातून सोडलंच नाही. संध्याकाळी वाकून पाहिलं, दिवसभराची मिळून जेमतेम दोनशे.

त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. "सहा नंबरची लघवी दोनशे. आधीचे दोन दिवस मी मापलीच नाही. अंदाजानं लिहिलं."

डॉक्टरांनी आधी औषध थांबवलं, रक्त तपासायला पाठवलं. मग सावकाश विचारलं, "आणि आधीच्या चाळीसजणी?"

"ते आकडे खरे आहेत, साहेब. एकेक रेघ या डोळ्यांनी पाहिलीय."

"हे मी आता कुणाला पटवू, सिस्टर?"

किडनीला धक्का बसल्याचं रक्तात दिसलं, आणि चाळीसजणींच्या सगळ्या आकड्यांवर काट बसली.

बाईंना रडू फुटलं. "माझ्यामुळे झालं हो सगळं."

"शाळेत बाई असाल. इथं भांड्याला हात लावलात, तर बाकावर उभं करीन!"

चार दिवसांनी सिस्टर कट्ट्यापाशी वाकल्या. गुडघे कडकडले.

"किती?" बाईंनी भीतभीत विचारलं.

"थांबा हो, बघू तर द्या." सिस्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "नऊशे दहा."

संशोधनात आता तो आकडा कुणीच धरणार नव्हतं. त्यांनी तो नीट लिहिला, आणि सरळ होण्यासाठी बाईंपुढे हात केला.