माळ्यावरचा उंदीर

चहा घेताय ना? मग तोंडातला घोट आधी गिळा. कारण आता जो गाढवपणा सांगणार आहे तो ऐकून तुम्हाला ठसका लागेल! मला मात्र, एवढी वर्षं झाली तरी, हसू यायच्या आधी हळहळच वाटते. एका वाक्यापायी माणूस आयुष्यातून उठतो म्हणतात ना? मी शास्त्रातून उठलो.

मी तेव्हा रत्नागिरीला काकांकडे राहून शिकत होतो. वडील गावाला, भातशेतीत. इंग्रजी सहावीत गेलं की आमच्या शाळेत ठरवावं लागे : शेवटची दोन वर्षं शास्त्र घ्यायचं की चित्रकला? शास्त्र घेतलं तर पुढे मुंबई, कॉलेज, इंजिनेर! आणि चित्रकला? अहो, मी काढलेला हापूस बघून आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी विचारलं होतं, "हे वांगं असं आडवं का पडलंय?"

मला शास्त्राचं वेडच लागलं होतं. आमच्या आळीत घरोघरी कंदील, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मास्तर तारेला तार लावून विजेची घंटा वाजवायचे! ती घंटा ऐकली की मला घास गोड लागत नसे.

अट एकच होती. पालकांनी सोमवारी शाळेत येऊन हेडमास्तरांना तसं सांगायचं. माझे पालक म्हणजे काका. एका वकिलाचे कारकून, पण घरी सोवळं कडक. संध्या झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. असा माणूस आडवा येईल असं वाटेल की नाही तुम्हाला? पण नाही! काका माझ्या बाजूचे होते. आडवी आली होती काकू.

"त्या खोलीत कसल्या कसल्या बाटल्या! त्यांना हात लावून येणार नि माझ्या स्वयंपाकघरात शिरणार हा!"

"अगो, अंघोळ करील तो," काका म्हणाले. "घरात एक तरी इंजिनेर होऊ दे. सोमवारी मी जातो शाळेत."

झालं! काम फत्ते! आता सोमवारपर्यंत तोंड मिटून बसायचं, एवढंच माझ्याकडे होतं. तेवढंही जमलं नाही.

शनिवारी शास्त्राच्या मास्तरांनी आम्हा इच्छुकांना प्रयोग बघायला बोलावलं. त्यांनी कसलासा वायू तयार केला आणि असा काही वास सुटला म्हणता! पोरं नाकं दाबून बाहेर पळाली. मी पळालो नाही. छाप पाडायची होती ना! बरणी धरायला पुढे सरसावलो आणि तो सगळा वास कोटात भरून घरी आलो.

काकू दारातच तांदूळ निवडत बसली होती. काका ओटीवर झोपाळ्यावर.

"थांब तिथेच! मेल्या, काय तुडवून आलास? अहो, हा तर मेलेल्या उंदराचा वास! गेल्या पावसाळ्यात आपल्या माळ्यावर उंदीर मेला होता ना, अगदी तस्साच!"

"हो, हो. उंदीरच तुडवला असेल," काका घाईघाईने म्हणाले. झोपाळा थांबला.

आता मला सांगा, इथे मी "हो काकू, उंदीरच" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? एका अंघोळीवर भागलं असतं. पण मास्तरांनी नुकतंच सांगितलं होतं ना : निरीक्षण, तर्क, अनुमान!

"छे, काकू! उंदीर कसला? हा हायड्रोजन सल्फाईड. कुजलेल्या अंड्याचा वास!"

"कशाचा?"

"अंड्याचा! मास्तर म्हणाले, हा वास एकदा घेतला की माणूस पुन्हा चुकायचा नाही."

काकूचा तांदळातला हात थांबला. काकांना जोराचा खोकला आला. मी धावत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं. इतका मी भाबडा!

"मग आमच्या माळ्यावर मेला होता तो कोण?" काकूने हळूच विचारलं.

"तू उंदीर डोळ्यांनी बघितलास का?" मी म्हणालो. वकिलाच्या कारकुनाचा पुतण्या ना मी, उलटतपासणी रक्तातच!

"मला बघू कुठे दिलं! हेच माळ्यावर चढले, ह्यांनीच निस्तरलं, ह्यांनीच गोमूत्र शिंपडलं. एरवी पाण्याचा तांब्या हातानं घ्यायचे नाहीत. मी आळीभर ह्यांचं कौतुक सांगत फिरले!"

"नंतर काही सापडलं तिथे?"

"तुसाच्या टोपलीत पांढरं कवच सापडलं. हे म्हणाले, कावळ्यानं शिंपला आणून टाकला असेल."

"जाड होतं की पातळ?"

"पातळ. बोटात मोडलं."

"मग शिंपला कसला? अंडंच ते!" मी टाळी वाजवली. "बघितलंस काकू? ह्याला म्हणतात शास्त्र!"

आणि मग मी काकांकडे पाहिलं. देवा रे!

पुढचं सगळं काकांनी स्वतःच कबूल केलं. काकूपुढे कुठला आरोपी टिकलाय? पावसाळ्यात ते हिवतापातून उठले होते, अंगात ताकद नव्हती. डॉक्टर म्हणाले, दुधातून कच्चं अंडं घ्या. बंदरावरच्या एका मुसलमान दोस्ताने अंडी दिली, ती काकांनी माळ्यावर तुसात लपवली. मधेच वकिलाबरोबर राजापूरला जावं लागलं, आणि मागे राहिलेल्या अंड्यांनी दावा साधला.

काकांना पंचगव्य घ्यावं लागलं. त्यांचं पान ओटीवर गेलं. आजारातून उठलेला माणूस, चोरून अंडं खाल्लं, त्यात कुणाचं काय गेलं होतं? आणि ज्याने माझ्यासाठी काकूशी वाद घातला, त्यालाच मी टाळी वाजवून फासावर चढवलं. फार वाईट वाटलं हो. "काका, चुकलो," म्हणालो. ते नुसते पानातली चटणी चिवडत राहिले.

पण सोमवारी ते शाळेत आले! मला वाटलं, शब्दाचा माणूस आहे.

"ह्याला चित्रकला द्या," ते हेडमास्तरांना म्हणाले.

"अहो, पण मुलगा शास्त्रात फार हुशार आहे."

"तेच म्हणतोय मी. फार हुशार आहे."

शाळेमागच्या दगडी गडग्यावर बसून मी रडलो. पुढची दोन वर्षं शेजारच्या खोलीतून ती विजेची घंटा ऐकू यायची, आणि मी इकडे पेन्सिलीला टोक काढत बसलेला.

चित्रकलेच्या पहिल्याच तासाला मास्तर म्हणाले, "आज उजेड आणि सावली." त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि त्यावर ठेवलं काय असेल?

अंडं!

तासभर मी ते काढलं. घरी आलो तर काकू दारातच.

"काय काढलंस रे आज शाळेत?"

ओटीवर काका जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"उंदीर," मी म्हणालो.

"बरं झालं, त्याला वास तरी नसेल," म्हणत काकू आत गेली. ती गेल्याचं बघून काका माझ्याकडे वाकले. त्या शनिवारनंतर माझ्याशी बोललेले त्यांचे ते पहिले शब्द :

"हीच अक्कल तेव्हा असती ना शिंच्या, तर इंजिनेर झाला असतास!"