सावलीची दोन नावं

डिचोलीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा पहिला घोळ सावलीनेच घातला. एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, आई आंब्याच्या 'शॅडो'त बसते. मी ते खोडून 'शेड' केलं. ती उभी राहिली. "टीचर, फरक कितें?"

"बसायला मिळते ती गार जागा, ती शेड. अंगाच्या आकाराची जमिनीवर पडते, ती शॅडो." सांगितलं खरं, पण आपल्याकडे 'सावली' या एकाच शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या भागलं होतं.

आमच्या पाळी गावात घरी आल्यावर बाबांना विचारलं. ते पोर्तुगीज शाळेत शिकलेले. "पोर्तुगेजांत लेगीत एकूच. सोंब्रा," ते म्हणाले, आणि इंग्रजीलाच दोन कशाला हवेत, असं उलट मलाच विचारलं. "इंग्लिशीक दोन कित्याक जाय, बाय?"

यावर काका खो खो हसला असता. पण बाबांचा हा धाकटा भाऊ आमच्या दारात येईनासा झाला होता. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या वादाचे दिवस होते. बाबा मराठीवाले, काका कोंकणीवाला, दोन घरांच्या मध्ये एकच अंगण. एका संध्याकाळी त्या अंगणात दोघांची चांगलीच जुंपली होती आणि आजपासून बाबांच्या सावलीतसुद्धा उभं न राहण्याची शपथ घेत काका ओरडला होता, "आयच्यान तुजे सावळेक लेगीत उबो रावचो ना हांव!"

"बरें जालें! म्हजी सावळी तरी नितळ उरतली!" बाबा म्हणाले.

भाषेवरून भांडणारे हे दोघे भांडत होते मात्र एकाच भाषेत. शिव्यासुद्धा त्याच, आजोबांच्या.

पुढे कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, पेपरवाल्यांना दुसरे विषय मिळाले. आमच्या अंगणातला अबोला तेवढा टिकला. सख्खे भाऊ, आणि दिवाळीचे पोहे शेजारच्या घरी पोरांच्या हातून पाठवायचे! मला दोघांचाही भयंकर राग यायचा.

मग काकाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. इस्पितळातून आणल्यावर काकी सकाळी कोवळ्या उन्हात अंगणात त्याची खाट टाकायची. एके दिवशी ती विहिरीवर अडकली आणि ऊन चढत चढत काकाच्या तोंडावर आलं. त्याला कूसही वळता येईना. मी धावणार, तेवढ्यात बाबा दारापुढच्या सोप्यावरून उठले. अंगण ओलांडून खाटेच्या उशाशी जाऊन उभे राहिले. त्यांची सावली बरोबर काकाच्या तोंडावर पडली.

मी उंबऱ्यातच थांबले. वर्गात मी ज्यांची इतकी फारकत केली होती, ती शेड आणि शॅडो समोर एकच झाली होती. मला रडू आलं.

काकाने डोळे उघडले. वर बघत राहिला. मग तोंड वाकडं करत अडखळत म्हणाला, "दादा... ही सावळी मराठी काय कोंकणी?"

"ओगी राव," म्हणत बाबांनी त्याला गप्प केलं, आणि ऊन सरकलं तसे तेही जरासे सरकले.