बाबांना सांगता न आलेला सिनेमा

बाबा अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि रविवारी एकटेच सिनेमाला जायचे. एकटं जायचं तर सोमवारी जेवताना तो सगळ्यांना सांगायचा, हा आईनं लावलेला दंडक. मारामारी आली की बाबांचा घास हातातच राहायचा. कोण कुठं उभा, कोणाच्या हातात काय, हीरो अजून हात का उचलत नाही. "मार कायचा सांगाचा? तो भेला काहून, ते सांगा लागते," म्हणायचे. लहानपणीचे कितीतरी सिनेमे मी पाहिलेच नाहीत, पण ते मला पाठ आहेत.

पुढं शुगरनं त्यांची नजर नेली. आई गेली, तेव्हा मी त्यांना अमरावतीला माझ्या घरी आणलं; मीही तिथं शाळेत शिकवते. आता सांगायची पाळी माझी होती. ते टीव्हीकडे तोंड करून खुर्चीत बसायचे, मी शेजारी बसून सांगायची. जुन्या सिनेमांवर आमचं छान जमायचं. दिवसभरात तेवढे दोन-तीन तास त्यांच्या चेहऱ्यावर जीव यायचा.

मग एका मोबाइल कंपनीनं एक मोठा सिनेमा टॉकीजला न लावता थेट घरच्या टीव्हीवर आणला. किती देशांत शूटिंग झालं, किती गाड्या उडवल्या, हे बाबांनी रेडिओवर ऐकलं आणि आठवडाभर माझ्या मागं लागले. रविवारी दुपारी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. टॉकीजला निघाल्यासारखे.

"काय होऊन राहिलं?"

"गाडी पळून राहिली, बाबा. मागं पाच गाड्या."

"काहून?"

मला माहीत नव्हतं. मोठा आवाज झाला. "कोन मेलं?" त्यांनी विचारलं. कोणीतरी मेलं असणार, पण ते दाखवलं नव्हतं. तोवर शहर बदललं. पडद्यावर नव्या शहराचं नाव आलं, पुन्हा गाडी, पुन्हा आग.

"त्याले भेव वाटून राहिलं का?"

मी हीरोचा चेहरा नीट पाहिला. आगीतून बाहेर आला होता आणि केसही विस्कटला नव्हता. "नाही," मी म्हटलं.

पात्रं आधी काय करणार ते सांगत, मग ते करत, मग काय केलं ते पुन्हा सांगत. बघणारा मधेच उठणार, हे बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं असावं. मी कुकर बंद करून आले तरी काही हुकलं नव्हतं. मला संताप आला. इतका खटाटोप केला, आणि एका माणसाला एक भीती देणं कोणाला सुचलं नाही! त्या संतापात माझं सांगणं तुटक होत गेलं. "मारून राहिले. अजून मारून राहिले."

अर्ध्या तासानं बाबा हळूच म्हणाले, "राहू दे बाई. थकली असशीन. शायेतबी दिवसभर बोलाच लागते तुले."

"बाबा, सिनेमाच तसा हाये."

"हो, हो," ते म्हणाले. समोरच्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून म्हणतात तसं.

त्यानंतर त्यांनी कधी सिनेमा मागितला नाही. मी टीव्ही लावला की "तू पाय, मी पडतो जरासा," म्हणून भिंत चाचपत खोलीत जायचे. मी एकदाही अडवलं नाही, हे आजही सलतं. होळीच्या आधी ते गेले.

नंतर एकदा त्यांनी सांगितलेला एक जुना सिनेमा मी शोधून पाहिला. बाबा ज्या मारामारीला अख्खं जेवण घ्यायचे, ती तिथं मिनिटभराचीसुद्धा नव्हती. फक्त सुरुवातीला हीरो स्वतःच्या थरथरत्या हाताकडे एकदा पाहतो. तेवढ्या पाहण्यावर बाबांनी बाकीचं सगळं उभं केलं होतं.

मग मी तो मोठा सिनेमाही एकटीनं शेवटपर्यंत पाहिला. तसं एक पाहणं कुठंतरी असेल आणि माझ्याकडून निसटलं असेल, म्हणून. दोन ठिकाणी मागं नेऊन पुन्हा पाहिलं. नव्हतं. असतं तर बाबांना सांगायला मला तेवढं पुरलं असतं. बाबा मात्र लेकीला आपला कंटाळा आला, असं समजूनच गेले.