आप्पांनी न दिलेली मंजुरी

कारखान्यातली कामं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप सरकतील अशी व्यवस्था संगणकावर बसवून देणं हा माझा धंदा. या धंद्यातली माणसं कशी बोलतात ते मला कुणी सांगायला नको, पंधरा वर्षं मीच तसा बोललोय. माणसावर अवलंबून राहू नका. एकदा बसवा आणि विसरा. भिंतीवर चौकोनांची आणि बाणांची चित्रं पाडायची, मालकाचा चहा गार होईपर्यंत बोलायचं, आणि त्यानं तीस वर्षांत उभं केलेलं काम आपल्याला दोन दिवसांत कळलं असं तोंड करायचं. ते तोंड मला फार छान जमायचं.

बेळगावात पंपाचे भाग बनवणारा एक कारखाना आहे. मालक निपाणीकडचे, अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारे. त्यांची तक्रार एकच होती. "सगळं काम कुणासाठी तरी अडून बसतंय ओ."

बहुतेक वेळा ते आप्पांसाठी अडायचं. आप्पा तिथले तपासनीस. यंत्राची मांडणी बदलली की पहिला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते मोजायचे, उजेडाकडे धरायचे, पुन्हा मोजायचे आणि मग खडूनं बरोबरची खूण करायचे. ती खूण होईपर्यंत यंत्र थांबलेलं.

मी खडू काढून घेतला आणि आप्पांच्या हातात फोन दिला. नग आला की फोनवर निरोप, आप्पांनी बटण दाबलं की यंत्राजवळचा पडदा हिरवा. आणि काही अडू नये म्हणून माझी खास अक्कल: चार तासांत उत्तर आलं नाही तर होकार धरायचा. मंजुरीची नोंद आप्पांच्याच नावानं. ती नोंद नंतर कुणालाच बदलता येत नाही, मालकांनाही नाही, हे मी छाती फुगवून सांगितलं होतं.

रजेसाठीही रकाना होता. तीन दिवस आधी अर्ज, आणि कारण यादीतून निवडायचं: आजार, लग्न, सरकारी काम, इतर. ती यादी करताना मला वार आठवला होता. न आठवून कसं चालेल? मी बेळगावातल्याच अनगोळचा. गावदेवीच्या यात्रेआधी आमच्याकडे वार पाळतात. ठरलेल्या दिवशी, बहुतेक मंगळवारी, कुणी शेतात जात नाही, विळ्याला हात लावत नाही. आमच्या घरी आईनं अंगणातली मेथीसुद्धा त्या दिवशी कधी उपटली नाही. पण रजेचा तो तक्ता कारखान्याच्या पुण्यातल्या गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. त्यात 'वार पाळणूक' लिहायची मला लाज वाटली. लोक काय म्हणतील, एवढ्या शहाण्या माणसाच्या तक्त्यात गावदेवीचा मंगळवार! म्हणून 'इतर'.

आप्पांचं गाव खानापूरच्या पुढं, नंदगडच्या वाटेवर. त्या साली त्यांच्या गावची यात्रा होती. पहिल्या वाराच्या आदल्या संध्याकाळी ते डबा घेऊन निघताना माझ्यासमोर थांबले.

"उद्या वार हाय. मी येणार न्हाय."

"व्हय आप्पा, ठाऊक हाय की," मी म्हणालो.

इतकंच. रजेच्या रकान्यात कुणी काही भरलं नाही. पूर्वीही इतकंच पुरायचं. आप्पा नाहीत म्हणजे पहिला नग थांबेल, हे सगळ्यांना न सांगता कळायचं.

मंगळवारी सकाळी मांडणी बदलली. पहिला नग टेबलावर एकटा पडून राहिला. आप्पांचा फोन गावात, घरातल्या फळीवर. दुपारी पडदा हिरवा झाला. यंत्रावरच्या माणसानं विचारलं, "आप्पा आलेत काय रं?" दुसरा म्हणाला, "हिरवं झालंय न्हवं? चालू कर." संध्याकाळपर्यंत सगळा माल निघाला. आतलं भोक मापापेक्षा मोठं होतं. पुण्याहून सगळा परत आला.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. मी भिंतीवर नोंद दाखवली: मंगळवार, मंजूर, पुढं आप्पांचं नाव.

"मंगळवारी मी गावात हुतो," आप्पा म्हणाले. "मी काय बी दाबलं न्हाय."

मालक माझ्याकडे वळले. "सिस्टीम चुकतंय काय?"

मला सगळं माहीत होतं. तो चार तासांचा नियम मी माझ्या हातानं लिहिला होता, आणि दुसऱ्या कुणाला तो ठाऊक नव्हता. मी म्हणालो, "नोंद खोटं बोलत नाही."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नोंदीकडे पाहिलं.

त्यांना गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. मी त्या बैठकीच्याच आठवड्यात तो चार तासांचा नियम गुपचूप काढला. उत्तर नाही तर यंत्र थांबेल, एवढा साधा बदल, दहा मिनिटांचा. मालकांना 'किरकोळ सुधारणा' म्हणून कळवलं आणि त्यांनी माझं कौतुकही केलं. ते मी घेतलं.

आठ महिन्यांनी मी आप्पांच्या गावी गेलो. ते भात वाळत घालत होते. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मशिनीनं आपोआप होकार धरला म्हणून.

"म्हंजे मशिनीनं माझ्या नावानं होकार दिला?"

"व्हय."

"आणि तुला त्या दिवशीच ठाऊक हुतं?"

"व्हय, आप्पा."

"मग मशिनीचं नाव कशाला घेतोस रं?" त्यांनी फावड्यानं भात सारखं केलं. "हितं माझ्या अंगणात सांगून काय उपेग? जितं बोललास तितं जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी त्याच खोलीत, त्याच लोकांना बोलावून सांगितलं. मालक म्हणाले, "सोडा ते आता," आणि थोड्या वेळानं, "तुमचं काम बी सोडा." त्यांनी आप्पांना फोन लावला, परत या म्हणाले. आप्पांनी नकार दिला. त्यांनी एकच मागितलं: "त्या नोंदीतनं माझं नाव काढा."

ते काढता येत नव्हतं. तशी सोय मीच ठेवली नव्हती. खाली नवीन ओळ तेवढी घालता येत होती. जाण्यापूर्वी मी ती घातली: 'वरची मंजुरी आप्पांनी दिलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या गावात वार होता. मंजुरी मी लिहिलेल्या नियमानं दिली.' पुढं माझं नाव. ती ओळही आता कुणाला पुसता येणार नाही. आप्पांचं नाव मात्र तिच्या वर तसंच आहे.