आक्काची वेबसाईट मी सुधारली

घरात मला कमी बोलणारा म्हणून ओळखतात. त्याचा मला आयुष्यभर फायदा झाला. जो फारसा बोलत नाही, त्याला कुणी फारसं विचारतही नाही. पण मागच्या दिवाळीनंतर आक्काला स्वतःच्या तोंडाने सांगून झालं आहे, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तोवर ती जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी, आळ्याला, घरी कायमची परत आली. नवऱ्याने दुसरं बिऱ्हाड केलं होतं. आमच्यात त्यावर कुणी मोठ्याने बोललं नाही. सकाळी ती आईबरोबर रानात जायची आणि दुपारच्या एसटीने जुन्नरला टायपिंगच्या क्लासला. पुढे क्लासवाल्यांनी टाइपरायटर माळ्यावर टाकून कंप्युटर आणले, तशी आक्काही कंप्युटरवर गेली. मी तेव्हा पुण्यात, वेबसाईट बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत नुकताच लागलो होतो. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. वेबसाईट म्हटलं की गावात लोक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

आक्काने गावाची वेबसाईट केली, ती दहाव्यांसाठी. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी सगळे जमतात, चार माणसं उभी राहून गेलेल्याबद्दल बोलतात. आमच्याकडे लग्नाला नाही आलं तर चालतं, दहाव्याला नाही आलं तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. गावातली निम्मी माणसं मुंबईला, काही आखातात. निरोप पोचायचा, पण अर्धवट. म्हणून तिने एका पानावर दहावे लिहायला घेतले. कोण गेलं, कुणाचं कोण, दहावा कुठल्या घाटावर. मग यात्रेचं पान झालं, लग्नांचं झालं, आळेफाट्यावरून सुटणाऱ्या एसटीच्या वेळांचं झालं.

ती ही पानं नोटपॅडमध्ये हाताने लिहायची, साधं एचटीएमएल. फ्लॉपीत घालून फाट्यावरच्या सायबर कॅफेत जायची आणि तिथून चढवायची. मराठी दिसायला एक ठरावीक फॉन्ट लागायचा, नसला तर नुसत्या किडामुंग्या. म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर तिने इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ टाकली होती, की वाचता येत नसेल तर आधी इथे दाबा.

एकदा ती वडिलांना ओसरीवर बसून समजावून सांगत होती. मी सुट्टीला आलो होतो. कंसातली खूण टाकून सुरुवात करायची आणि तशीच खूण टाकून संपवायची, असं ती कागदावर काढून दाखवत होती.

वडील म्हणाले, "म्हंजे दारं धरल्यागत हाय की."

"तसंच, अण्णा. वाफ्याचं तोंड फोडलं की बुजवायचं. न्हाई बुजवलं तर पाणी गेलं फुडच्या वाफ्यात. काल मी एक ठिकाणी इसरले, तर खालचं समदं पान ठळक झालं. मेलेली माणसं बी ठळक, अन् एसट्या बी ठळक."

"एसट्या पुसटच ऱ्हाऊ दे," वडील म्हणाले. "तशा बी त्या कुठं येत्यात."

मी हसलो, पण मनात नाक मुरडलं होतं. आमच्या कंपनीत तेव्हा डेटाबेस आणि हलणारे मेनू असल्याशिवाय वेबसाईटला वेबसाईट म्हणत नसत. आक्काचं पान म्हणजे मथळा, खाली परिच्छेद, खाली यादी. खुणा सगळ्या मोठ्या अक्षरांत. कुठे कुठे चुकलेलंही होतं. पण चुकलेलं तिचं तिला सापडायचं आणि तिचं तिला दुरुस्त करता यायचं. हे मला तेव्हा दिसलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. दिसलं होतं. त्याची किंमत वाटली नव्हती.

त्याच सुमारास तिला दुसरं स्थळ सांगून आलं. आंबेगाव तालुक्यातलं, घोडेगावच्या बाजूचं. बायको वारलेला माणूस, पदरी दोन लहान मुलं. माणूस वाईट नव्हता. आक्काला नको होतं. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, जुन्नरचे क्लासवाले सर मुलींच्या बॅचसाठी मास्तरीण शोधतायत, मी विचारलंय. सरांनी सोमवारी बोलावलं होतं. तिची वेबसाईट उघडून बघणार होते, आणि त्यांच्यासमोर तिने त्यात एक नवी बातमी घालून दाखवायची होती. एवढीच परीक्षा.

शनिवारी रात्री जेवताना वडील म्हणाले, "सोमवारी काय ती नोकरी लागली, तर पावण्यांना न्हाई म्हणून सांगतो. न्हाई लागली, तर मंग मला त्यांच्यापुढं खोटं पाडू नगंस."

"लागंल, अण्णा," आक्का म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा मी पुन्हा पाहिला नाही. "बातमी घालायची म्हंजे काय, रोजचंच हाय मला."

रविवारी सकाळीच मी पुण्याला परतलो आणि सरळ ऑफिसात गेलो. सुट्टी होती, कुणी नव्हतं. आक्काचा पासवर्ड मला ठाऊक होता, तिनेच दिला होता, कधी अडलं तर बघ म्हणून. मी तिची वेबसाईट नव्याने बांधायला घेतली. मथळा वेगळ्या फायलीत, मेनू वेगळ्या फायलीत, मजकूर उचलून डेटाबेसमध्ये, म्हणजे पानाची फाईल उघडली तर त्यात मजकूर दिसणारच नाही. संध्याकाळपर्यंत ती खरोखरच देखणी झाली. मग तिच्या जुन्या फायली मी पुसून टाकल्या. कचरा ठेवू नये असं आम्हाला शिकवलं होतं.

तिला चकित करायचं होतं, हे खरं आहे. सर बघतील आणि थक्क होतील, हेही मनात होतं. पण फोन करून तिला सांगितलं नाही. शेजारच्या दुकानात फोन होता, बोलावलं असतं तर ती आली असती. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आधीचं होतं तसं कर बाबा, उद्या मला त्यात लिहायचंय. ते मला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी ऑफिसात मी ती वेबसाईट सगळ्यांना दाखवली. आमच्या साहेबांनी खुर्ची ओढली, मेनू खालीवर करून बघितला आणि म्हणाले, हे कुणाचं काम? मी म्हणालो, माझं. ते म्हणाले, गावाकडच्या माणसात दम आहे. सगळे माझ्या टेबलाभोवती उभेच होते, तेवढ्यात फोन वाजला. जुन्नरहून, क्लासवाले सर, आक्काकडून नंबर घेऊन.

ते अदबीनेच बोलले. "तुमच्या भगिनी माझ्यासमोर बसल्यात. वेबसाईट त्यांनी केली असं म्हणतात. पण फाईल उघडली तर त्यांना त्यातलं काही सांगता येईना. बातमी कुठं घालायची तेही सापडंना. राग मानू नका, पण आमच्यातल्या एकदोघांना शंका आलीय. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं."

आणि मागून आक्काचा आवाज आला. घाबरलेला नव्हता. "सर, तुमी त्यालाच इचारा. त्याला समदं म्हाईत हाय."

सर म्हणाले, "तर ही वेबसाईट कुणी बनवली?"

साहेब माझ्या खांद्यामागे होते. दोघं टेबलाला टेकून उभे होते. एका वाक्यात सांगता आलं असतं, की सर, ही कालची माझी आहे, पण परवापर्यंत इथे होती ती तिची, आणि ती तिने एकटीने हाताने लिहिली होती.

मी म्हणालो, "मीच बनवली, सर."

 सर हसून म्हणाले, "मग तुमीच या की राव शनिवार-रविवार शिकवायला." मीही हसलो. बघू म्हणालो. फोन ठेवला. साहेबांनी विचारलं, काय म्हणत होते? मी म्हणालो, काही नाही, क्लास घ्यायला बोलावतायत. त्यावर कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

सरांनी फोन ठेवल्यावर तिला काय सांगितलं, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. त्या आठवड्यात दुकानात दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आई आली. आक्का रानात गेलीय म्हणाली.

पुढच्या वेळी घरी गेलो तर तिने नेहमीसारखं पाणी आणून दिलं. म्हणाली, "बघितली वेबसाईट. लई छान झालीय. मेनू बी हलतोय."

"आक्का, त्या दिवशी..."

"च्या टाकू का? का जेवणारच आता?"

मी म्हणालो, चहा टाक.

निघताना तिने एकदाच सांगितलं, की खालच्या आळीतली म्हातारी गेलीय, तेवढा तिचा दहावा घाल त्यात. मी हो म्हणालो. पुण्यात कामात राहून गेलं. आठवण झाली तेव्हा दहावा होऊन गेला होता. म्हातारीचा मधला मुलगा मस्कतला होता, तो वेबसाईट बघत होता म्हणे. त्याने आक्काकडे तक्रार केली. आक्काने मला काही म्हटलं नाही, आईकडून कळलं. तिला स्वतःला बातमी घालता यावी म्हणून मी एक पान करून देणार होतो. अर्ध्या दिवसाचं काम होतं. ते मी कधीच केलं नाही.

उन्हाळ्यात तिचं त्याच घोडेगावच्या स्थळाशी लग्न झालं. दारातल्या मांडवात, थोडक्यात. कुणी तरी तिला विचारलं, आक्का, वेबसाईट बंद पडली का? ती म्हणाली, "भाऊ बघतो आता." मी तिथेच पत्रावळी मोजत उभा होतो. काही वर्षांनी सर्व्हर बदलला आणि माझं देखणं काम एका सकाळी उघडेनासं झालं. मी ते दुरुस्त केलं नाही. आता तर कुणी त्याची चौकशीही करत नाही, निरोप मोबाइलवर जातात.

आक्काने त्या घरातली दोन्ही मुलं वाढवली. तिला स्वतःला मूल झालं नाही. दाजींनी तिला त्रास दिला नाही, एवढं म्हणता येतं. पण कंप्युटरला तिने परत हात लावलेला मी पाहिला नाही. दाजींकडे आला, मुलं शिकली, तरीही नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी घोडेगावला गेलो. ती परसात मेथी निवडत बसली होती. मी समोर पोत्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. रविवार, ऑफिसातली माणसं, सर काय म्हणाले, मी काय म्हणालो. तिचा आवाज मला मागून ऐकू आला होता, हेही सांगितलं. ती मेथी निवडत राहिली.

मग म्हणाली, "सर मला म्हनले व्हते, भाऊ म्हनतो मीच बनवली. मला वाटलं सरच खोटं बोलत्यात."

मी समोरची एक काडी उचलून निवडायला लागलो.

"इतकी वर्सं मी त्या बिचाऱ्यालाच वाईट म्हनत आले." तिने हातातली जुडी खाली ठेवली. "माझी पानं हायती का रं कुठं? जुनी?"

"नाहीत, आक्का. मी पुसली त्याच दिवशी."

"फ्लापीत?"

फ्लॉपी तिने लग्नाआधी माझ्याकडेच दिली होती, ठेव म्हणून. घर बदलताना कुठे गेली, मला आठवत नव्हतं. तेही सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि भाजी उचलून आत गेली. मी तिथेच बसलो. आत ती चुलीशी काम करत होती, भांड्यांचा आवाज येत होता, तिचा येत नव्हता.

जेवायला दाजी आले. त्यांचा नातू शेजारच्या खोलीत कंप्युटरवर काहीतरी खेळत होता. दाजी म्हणाले, "पावणं, आमच्या नातवाला जरा तुमच्या लाइनीतलं शिकवा की. त्याचा बाप हितं नसतो. मला काय कळत न्हाई, आन् तुमच्या बहिणीला तर त्यातलं शून्य."

आक्का भाकरी वाढत होती. तिने मान वर केली नाही.

मी म्हणालो, "दाजी, तिला येतं. माझ्या आधी तिने वेबसाईट केली होती. हाताने लिहून. सगळं गाव बघायचं."

दाजी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे, आणि मोठ्याने हसले. "काय राव, पावणं. म्हातारपणी बहिणीची चेष्टा करताय व्हय."

"चेष्टा नाही दाजी, खरंच."

"का गं? खरं हाय का?"

आक्काने माझ्या ताटात भाकरी ठेवली. "त्याचं काय ऐकताय," ती म्हणाली. "जेव रं तू. गार व्हतंय."