आगपाखड

अर्धांगवायूचा झटका आला आणि माझ्या वडिलांची, आबांची वाचा गेली. 'मंग' हा एकच शब्द तेवढा राहिला. मी जालन्यात शिक्षिका, एकटीच राहते. दर रविवारी टेंभुर्णीला त्यांच्याकडं जायचे. आई आधीच गेली होती. शेजारच्या काकू आबांचं खाणंपिणं बघायच्या.

उभ्या आयुष्यात आबा कुणावर ओरडले नव्हते. आता मात्र दुपारी ओट्यावर बसून, चांगला हात नाचवत, रिकाम्या रस्त्याकडं बघत त्यांचं सुरू व्हायचं. "मंग! मंग मंग!" चढउतार सगळे भांडणाचे, शब्द एकच.

"कुणावर आगपाखड करून राह्यलेत, देव जाणे," काकू म्हणाल्या.

हा शब्द मी वर्गात कितीदा शिकवला होता. सुपात धान्य पाखडतात; इथं धान्याऐवजी आग. नुसत्या रागाला आगपाखड म्हणत नाहीत, असं मी मुलींना सांगायचे. ठिणग्या अंगावर घ्यायला समोर माणूस लागतं. आबांसमोर तर कुणीच नव्हतं.

म्हणून मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. ते माझ्यावर सुरू झाले. "हो आबा, बराबर आहे तुमचं," मी म्हटलं, तसे ते जास्तच भडकले. त्यांनी कपबशी ढकलली. गरम चहा माझ्या पायावर सांडला.

"काय बराबर आहे? कप्पाळ!" मी ओरडले. "एक अक्षर कळत न्हाई मला तुमचं!"

काकू धावत आल्या. "अगं, आजारी माणसाला असं बोलतेत का?"

पण आबा शांत झाले होते. झटका आल्यापासून जो तो त्यांना लहान लेकरासारखं हो हो म्हणत होता. उलटून कुणी बोललंच नव्हतं. ते माझ्याकडं निरखून बघत राहिले.

"मंग?" ते हळूच म्हणाले. पुढं सांग, असं.

आणि मी बोलत सुटले. शाळेतली भांडणं, वरच्या मजल्यावरून गळणारं पाणी, आणि संध्याकाळी घराचं कुलूप उघडलं की सकाळपर्यंत तोंड उघडायची वेळ येत नाही, तेही. काकू कधी निघून गेल्या, कळलं नाही.

आबा उन्हाळ्यात गेले. तोवर दर रविवारी आम्ही कडाकडा भांडलो.

आता रविवारी मी जालन्यातच असते. बाजारात भाव करताना एकदम आवाज चढतो माझा. "मॅडम, एवढं कशाला चिडता?" भाजीवाली विचारते. मी तिच्याशी आणखी थोडा वेळ हुज्जत घालते.